प्रार्थनेचं उत्तर मिळालं, हे आपण कशावरून ठरवतो?

भायखळ्याची_रूथ (मंगळवार, रात्री ९:४०)

सगळ्यांना जय ख्रिस्त आणि नमस्कार.

'देवानं माझी प्रार्थना ऐकली' असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय घडलेलं असतं? मागितलं ते मिळालं म्हणजेच ऐकली का? आणि नाही मिळालं तर त्याला काय म्हणायचं?

विचारायचं कारण म्हणजे आमच्या घरगुती प्रार्थनासभेतली साक्षीची वेळ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गीत झालं, वचन वाचून झालं की पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, विचारतात, 'कोणाची साक्ष आहे का?' मग एकेक जण उभं राहून सांगतं. म्हाडाच्या सोडतीत नाव लागलं. मुलीचं लग्न जमलं. बायोप्सीचा रिपोर्ट चांगला आला. सगळे 'प्रभूची स्तुती असो' म्हणतात, मग चहा आणि बटाटेवडे. मला या साक्षी मनापासून आवडतात, मी स्वतःही दिल्यात. पण त्याच खोलीत, त्याच सतरंजीवर अशीही माणसं बसलेली असतात ज्यांनी तेवढ्याच कळकळीनं मागितलं आणि हाती काही आलं नाही. ती कधीच उभी राहत नाहीत. उभी राहिली तर काय बोलायचं, हेही कोणी त्यांना सांगितलेलं नाही.

माझ्या मते हे बरोबर नाही. जी मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, फक्त मिळाल्याच्या साक्षी ऐकते, ती प्रार्थनेबद्दल अर्धंच शिकते. तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, मला तुमचं ऐकायचंय.

लोकल_प्रवासी (९:५२)

मी रोज दादरला विरार फास्टमध्ये चढताना बसायला जागा मागतो. उत्तर ठरलेलं आहे: 'बोरिवलीपर्यंत धीर धर.'

मोतमावली_रोड (१०:१५)

मी वांद्र्याचा, ईस्ट इंडियन (मुंबईतला मूळचा ख्रिस्ती समाज), कॅथलिक. आमच्याकडे साक्ष तोंडी कमी, मेणात जास्त. माउंट मेरीला, म्हणजे आमच्या मोत मावलीला कधी गेला असाल तर बाहेरच्या ठेल्यांवर पाहिलं असेल: मेणाचे पाय, हात, डोळे, अख्खं बाळ, कौलारू घर, विमान. गुडघा दुखतो त्यानं पाय घ्यायचा, पोटी मूल हवं त्यांनी बाळ. विमान कशासाठी ते सांगायला नको, आमच्या गल्लीतली निम्मी पोरं आखातात आहेत. ८ सप्टेंबरनंतर जत्रेच्या आठवड्यात तर डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते, आणि रांगेत ख्रिस्ती किती, हिंदू किती, मुसलमान किती, हे कोणी मोजत नाही.

रूथताई, तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध असा. मेणाचा पाय लोक मागतानाही वाहतात आणि बरं वाटल्यावर आभार मानायलाही वाहतात. दोन्ही पाय एकाच ढिगात पडतात. बघणाऱ्याला कळत नाही की यातला मागणीचा कुठला आणि आभाराचा कुठला. मला ते फार आवडतं. ज्याला मिळालं तो आणि ज्याला अजून मिळालेलं नाही तो, दोघे तिथे शेजारी शेजारी उभे असतात.

माहीमच्या सेंट मायकेलमध्येही तसंच. १९४८ पासून तिथे दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे ठरलेली भक्तिप्रार्थना, चालते. लोक चिठ्ठ्या लिहून टाकतात, आणि मागण्यांच्या चिठ्ठ्या नि आभाराच्या चिठ्ठ्या एकाच बैठकीत वाचल्या जातात. आई मला लहानपणापासून न्यायची. मला आभाराच्या चिठ्ठ्यांपेक्षा मागण्यांच्याच जास्त लक्षात राहिल्यात. 'नवऱ्याची दारू सुटू दे' हे तर दर बुधवारी कोणी ना कोणी लिहिलेलं असायचंच.

निवृत्त_पाळक (१०:४८)

रूथबाई, चांगला विषय काढलात. मी पुष्कळ वर्षं सेवेत होतो. आम्ही शिकवत आलो की देवाची उत्तरं तीन: हो, नाही आणि थांब. 'मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल' हे मत्तयाच्या सातव्या अध्यायात प्रभूनंच सांगितलं. पण त्याच प्रभूनं गेथशेमाने बागेत तीनदा प्रार्थना केली की दुःखाचा हा प्याला टळो, आणि तो टळला नाही. प्रेषित पौलानं शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीनदा विनवलं. काटा राहिला. त्याला सांगितलं गेलं ते एवढंच, की माझी कृपा तुला पुरे आहे. येशूचा आणि पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची छाती आहे? तेव्हा 'नाही' हेसुद्धा उत्तरच, आणि ते मोठ्या माणसांनाही मिळालेलं आहे.

गणिती_गिरगावकर (११:०५)

मी नास्तिक आहे, पण धागा आवडला म्हणून लिहितो. पाळकसाहेब, 'हो, नाही, थांब' यात जगात घडू शकणारं सगळंच आलं. मग प्रार्थना न करणाऱ्याच्या आयुष्यात काय वेगळं घडतं? त्याचंही कधी होतं, कधी होत नाही, कधी उशिरा होतं.

हे मोजायचा प्रयत्नही झालाय. १८७२ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टननं आकडेवारी मांडून म्हटलं होतं की ज्यांच्यासाठी सर्वात जास्त प्रार्थना होते ते राजेरजवाडे काही जास्त जगत नाहीत. अलीकडचा मोठा अभ्यास २००६ चा, अमेरिकेतला. बायपासचे १,८०२ पेशंट, सहा हॉस्पिटलं. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली पण तशी खात्री दिली नव्हती, त्यांच्यात गुंतागुंत ५२ टक्क्यांना. ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यात ५१. आणि ज्यांना 'तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे' असं नक्की सांगितलं होतं, त्यांच्यात ५९. कोणाला दुखवायचं नाही, पण हे आकडे बाजूला ठेवून बोलता येणार नाही.

लोकल_प्रवासी (११:०९)

५९? म्हणजे सांगितलं की बिघडलं. मंडळींनो, माझ्या जागेसाठी प्रार्थना करत असाल तर मला कळवू नका.

रात्रपाळीची_नर्स (बुधवार, सकाळी ७:३०)

ड्यूटी संपवून घरी येऊन हे वाचलं. झोपायच्या आधी लिहिते.

गणितीदादा, तो अभ्यास मला माहीत आहे आणि त्यात खोट काढायची मला गरज वाटत नाही. फक्त मोजलं काय ते नीट बघा. प्रार्थना करणाऱ्यांना पेशंटचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर दिलं होतं, आणि ऑपरेशन यशस्वी होऊन लवकर, गुंतागुंतीशिवाय बरं वाटू दे, असं ठरलेलं वाक्य म्हणायला सांगितलं होतं. दोन आठवडे. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं. शिवाय तिन्ही गटांतल्या पेशंटच्या घरचे आपापली प्रार्थना करतच होते, त्यांना कोण थांबवणार? तेव्हा प्रार्थना डोस म्हणून दिली तर औषधासारखी लागू पडत नाही, एवढं त्यातून कळतं. ते मला मान्य आहे. मी पेशंटला हेपरिनच देते, त्याच्या जागी स्तोत्र देत नाही.

पण मी हातही धरते. आयसीयूत रात्री दोन-तीनच्या सुमाराला माणसं घाबरतात. कोणी म्हणालं, 'सिस्टर, जरा प्रार्थना करा', तर करते, दोन वाक्यांची, हळू आवाजात. हिंदू पेशंटही सांगतात. त्यानंतर मॉनिटरवरचा आकडा बदलतोच असं नाही. माणूस एकटा राहत नाही, हे मी डोळ्यांनी बघते.

आता जे मला खरं बोलायचंय ते. पेशंट गेल्यावर नातेवाईक मला बाजूला घेऊन विचारतात, 'सिस्टर, आमचा विश्वास कमी पडला का?' हा प्रश्न त्यांच्या मनात आपोआप येत नाही. भेटायला आलेलं कोणीतरी तो पेरून गेलेलं असतं. 'पूर्ण विश्वासानं मागा, काही कबूल करायचं राहिलंय का बघा', असं. ज्या बाईनं प्लास्टिकच्या खुर्चीवर रात्री काढल्या, जिचे पाय सुजलेत, तिला हे ऐकवायचं? योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बघून विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? प्रभूनं साफ सांगितलं: ना याचं, ना त्यांचं. तरी आपण अजून तोच प्रश्न विचारतोय. माझा राग या गोष्टीवर आहे.

वसईची_पोर (८:२०)

नर्सताई, +१००.

माझी आजी शेतावरून येऊन संध्याकाळी जपमाळेला बसायची आणि आम्हा पोरांना संत मोनिकेची गोष्ट सांगायची. मुलगा ऑगस्टीन, हुशार पण भरकटलेला. तो आफ्रिका सोडून रोमला निघाला तेव्हा मोनिकेनं कार्थेजच्या बंदराजवळ संत सिप्रियनच्या स्मृतिमंदिरात रात्रभर रडून एकच मागितलं, की याला जाऊ देऊ नकोस. तो तिला फसवून रात्रीच जहाजावर चढला. सकाळी बंदर रिकामं. पण तो रोमहून मिलानला गेला, तिथे त्याला बिशप अ‍ॅम्ब्रोज भेटले आणि ३८७ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. ऑगस्टीननं पुढे स्वतःच लिहून ठेवलं की आईनं त्या रात्री जे मागितलं ते देवानं नाकारलं, कारण ती आयुष्यभर जे मागत होती ते द्यायचं होतं.

आजीचा एक मुलगा, म्हणजे माझा काका, घर सोडून गेला होता. तो आला नाही. आजी तरीही ही गोष्ट सांगायची, आणि तेवढ्याच जोरात.

सदाशिव_डोंबिवलीकर (९:१०)

आम्ही नवस बोलतो आणि फेडतो. न फेडल्यास घरातली वडीलधारी माणसं आठवण करून देतात. तुमच्यात नवस चालतो का? मेणाचा पाय म्हणजे नवसच ना?

मोतमावली_रोड (९:३१)

आमच्यात चालतो, आणि आम्ही 'नवस' हाच शब्द वापरतो. प्रोटेस्टंट भावंडं नाक मुरडतात.

निवृत्त_पाळक (९:५५)

नाक मुरडत नाही, सौदा करू नये एवढंच म्हणतो. पण सत्य सांगायचं तर पवित्र शास्त्रात हन्नानं नवस बोललेला आहे. 'पहिला शमुवेल' या पुस्तकात. मूल दे, मी ते तुलाच देईन. आणि तिनं दिलं. त्या मुलाचं, शमुवेलाचं, दूध तुटल्यावर त्याला शिलो इथल्या मंदिरात नेऊन सोडलं. तिथे एली याजकाला ती प्रार्थना करताना दारू प्यायलेली वाटली होती, कारण तिचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. धर्मसेवकालाही समोरच्याची प्रार्थना ओळखता येत नाही, हे आम्हा पाळकांसाठी तिथे लिहून ठेवलंय.

चिंबोरी_मसाला (१०:०२)

विषयांतराबद्दल माफी, पण मोतमावली दादा, जत्रेच्या दिवसांत बाटली मसाला कुठे मिळेल? घरचा हवाय, दुकानातला नको.

मोतमावली_रोड (१०:०६)

आमच्या मावशी मे महिन्यात मिरच्या वाळवतात, सप्टेंबरपर्यंत काही उरत नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

ठाण्याचा_थॉमस (दुपारी १:४०)

मी वही ठेवतो. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरबद्दल वाचल्यावर सुरू केली. १८३६ मध्ये त्यांनी अनाथाश्रम काढला, पैशासाठी कोणा माणसापुढे हात पसरायचा नाही, देवाकडेच मागायचं असं ठरवलं, आणि काय मागितलं, काय आलं याची टिपणं ठेवली. आपल्याकडे केडगावच्या पंडिता रमाबाईंनीही त्यांच्यापासून स्फूर्ती घेतली होती.

माझ्या वहीत डाव्या पानावर तारीख आणि मागणी, उजवं पान कोरं. जुनी पानं चाळतो तेव्हा तीन प्रकार दिसतात. काही ठिकाणी सरळ 'मिळालं' लिहिलंय. काही मागण्या अशा की आता वाचून वाटतं, बरं झालं मिळालं नाही, आणि काही तर मी विसरूनही गेलो होतो. तिसरा प्रकार मला सर्वात जास्त विचार करायला लावतो. माझा भाऊ नि पप्पा बोलत नव्हते. जागेच्या वाटणीवरून. मी ते लिहिलं होतं, पुन्हा पुन्हा. मग कधीतरी भाऊ रविवारी फोन करायला लागला. आधी फक्त आईशी बोलायचा. मग 'पप्पांची शुगर किती आहे?' असं तिलाच विचारायचा. मग एकदा पप्पांनी आईच्या हातातून फोन घेतला. यातल्या कोणत्या दिवशी उत्तर आलं? उजव्या पानावर तारीख घालायला मला जमलेलंच नाही. पण आज ते दोघे एकत्र क्रिकेट बघतात.

म्हणून रूथताई, माझ्यापुरतं उत्तर असं की घडत असताना बहुतेक वेळा कळतच नाही. मागे वळून बघितल्यावर दिसतं. आणि लिहून ठेवलं नसेल तर तेही दिसत नाही.

गणिती_गिरगावकर (२:१०)

थॉमस, वहीची कल्पना मला पटली. कोरी पानं फाडत नाहीस ना?

ठाण्याचा_थॉमस (२:१४)

नाही. तीच जास्त आहेत.

कुर्ल्याची_मार्था (रात्री ११:२०)

लिहू की नको असं दिवसभर चाललं होतं.

एप्रिल २०२१. माझे मिस्टर. ऑक्सिजनचा बेड मिळाला तोच आम्हाला चमत्कार वाटला. आमची मंडळी रोज रात्री झूमवर जमायची, नागपूर-नगरपासूनचे नातेवाईक, प्रार्थनेची साखळी लावली होती, तासातासाची. पहाटे चारचा तास एका कॉलेजच्या मुलीनं घेतला होता, तिनं एकदाही चुकवला नाही. ते गेले.

नंतर महिनाभर घरी डबा आला. पोळ्या, भाजी, रविवारी चिकन. मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी कोणीतरी जुना लॅपटॉप आणून ठेवला. मग लोक म्हणायला लागले, बघ मार्था, देवानं तुला सोडलं नाही, हेच तुझ्या प्रार्थनेचं उत्तर. मला ते पटत नाही. डब्याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. पण मी डबा मागितला नव्हता. मी नवरा मागितला होता. एकाच्या जागी दुसरं ठेवून हिशोब जुळला असं म्हणू नका.

बायबलमधली मार्था येशूला तोंडावर म्हणाली, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. तो तिच्यावर रागावला नाही. तिचा भाऊ लाजर मेलेला उठला, माझं माणूस उठलं नाही. मी अजून प्रार्थना करते, रोज. का करते ते मला नीट सांगता येणार नाही. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याशीच बोलायचंय, एवढंच कळतं.

रात्रपाळीची_नर्स (११:४५)

मार्थाताई, लिहिलंत, फार बरं केलंत.

निवृत्त_पाळक (गुरुवार, सकाळी ६:१५)

मार्थाबाई, मी परवा 'नाही हेसुद्धा उत्तरच' असं लिहिलं. पौलाबद्दल ते खरं आहे, पण ते पौलानं स्वतः म्हटलं, त्याच्या वतीनं दुसऱ्यानं नाही. तुमच्या बाबतीत ते म्हणायचा अधिकार फक्त तुमचा.

आज पहाटे अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात. तेरावं 'किती वेळ?' असं विचारत सुरू होतं आणि गाण्यानं संपतं. अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही. ते रात्रंदिवस हाका मारतं आणि अंधारातच थांबतं. आपल्या पूर्वजांनी ते प्रार्थनेच्या पुस्तकातून काढून टाकलं नाही, त्याला शेवटी दिलाशाची ओळ जोडली नाही. रूथबाई, तुम्ही विचारलेली जागा शास्त्रात आहे. मंडळीत आम्ही ती ठेवली नाही.

वसईची_पोर (८:०५)

पंडिता रमाबाईंचा उल्लेख वर आला म्हणून. १९०५ साली त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं आत्मिक जागरण झालं, ते सगळे सांगतात. पण त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्या आधी गेली, आणि रमाबाई पुढच्याच वर्षी. हे साक्षीत सहसा येत नाही. आलं पाहिजे.

सदाशिव_डोंबिवलीकर (९:३०)

मार्थाताई, आमच्या घरातही २०२१ मध्ये एक माणूस गेलं. नवस बोललेला होता. कोणाला फेडायचा, कशासाठी, हे आईला आजही कळत नाही. तुमचं लिहिणं तिला वाचून दाखवलं.

भायखळ्याची_रूथ (रात्री ८:५०)

सगळं दोनदा वाचलं. मूळ प्रश्नाला एक उत्तर मिळालं नाही आणि आता मला ते हवंही नाही. थॉमसचं उजवं पान आणि मार्थाताईंचा डबा, दोन्ही मला एकाच सभेत ऐकायचंय. मी आमच्या पाळकसाहेबांना विचारणार आहे की साक्षीच्या वेळी 'कोणाला मिळालं?' याबरोबर 'कोण अजून मागतंय, कोणाचं राहिलं?' हेही विचारू या का. काही जण म्हणतील नव्या लोकांचा विश्वास डळमळेल. मला उलट वाटतं. नवा माणूस पहिल्या न मिळालेल्या मागणीला एकटा पडतो, तेव्हा तो सभेला यायचाच बंद होतो. अशी दोन घरं तरी माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

मार्थाताई, कुर्ला काही लांब नाही. याल का?

मोतमावली_रोड (९:०५)

कॅथलिक चालत असेल तर मीही येतो. वडे माझ्याकडून.

कुर्ल्याची_मार्था (९:४०)

येईन. एक अट आहे. माझं बोलून झाल्यावर लगेच कोणी 'तरीही देव चांगला आहे' म्हणून माझं वाक्य पूर्ण करायचं नाही. ते मला म्हणायचं असेल तेव्हा मी म्हणेन.

भायखळ्याची_रूथ (९:४४)

मान्य. हे पाळकसाहेबांना आधीच सांगते. पुढच्या गुरुवारी साडेसातला सभा आहे, पत्ता व्यनि केलाय.